घरी नाही, कामावर आहे

बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकावर त्याने एकतीस वर्षं काढली. पाळी सुरू असताना आतल्या माणसाची बाहेरच्या माणसाशी भेट त्याने कधी होऊ दिली नाही. एकदा खुद्द मालकाचा मेव्हणा हात हलवत परत गेला होता. "कामावर आहे" म्हटलं की विषय संपला. कारखान्यातली पोरं त्याला कुलूप म्हणायची. निवृत्तीनंतर ते नाव गल्लीतही पोचलं आणि लहानथोरांसाठी तो कुलूपकाका झाला.

त्याची लेक लिफ्टच्या कंपनीत होती. लिफ्ट मध्येच अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो, तो फोन हिच्याकडे यायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं, त्याचा धीर सुटू द्यायचा नाही, हे तिचं काम. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस आणि मधला पूल पायी. जायला अडीच तास, यायला अडीच. पगाराचा चौथा हिस्सा तिकिटांतच जायचा. त्यात बोगद्याच्या पट्ट्यात अर्धा तास फोन लागायचा नाही. गेल्या वर्षी तिची आई गेली ती त्याच अर्ध्या तासात. कुलूपकाकाने सोळा वेळा फोन लावला होता.

आईचे दिवस झाल्यावर लेकीने घरून काम करण्यासाठी अर्ज दिला. पाच महिने ती मागे लागली, तेव्हा कंपनीने दोन महिन्यांपुरतं हो म्हटलं. अटी कडक होत्या. वेगळी खोली हवी, दार बंद हवं, कामाच्या वेळेत घर सोडायचं नाही. कंपनीचा माणूस न कळवता येऊन बघून जाईल. जमलं तर कायम, नाहीतर परत दोन बस आणि पूल.

माणूस येऊन बघण्याची ही अट तिने बापाला सांगितली नाही. उगाच धसका घेतील, असं तिला वाटलं.

"आत कोणी यायला नको बाबा," एवढंच ती म्हणाली.

"कोणाची बिशाद आहे!"

बायकोची शिवणाची खोली त्याने रिकामी करून दिली. शिलाई मशीन मात्र लेकीने हलवू दिलं नाही. त्याच्यावरच फळी टाकून तिने कॉम्प्युटर मांडला. सकाळी नऊला ती आत गेली की हा बाहेर स्टूल टाकून बसायचा, तो साडेपाचला उठायचा.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मास्तरीणबाई आल्या. "लेक आहे का हो घरी?"

"नाही. कामावर आहे."

"अहो, आतून आवाज येतोय की तिचा!"

"तो कामावरचा आवाज आहे."

"काका, तुम्ही धन्य आहात. उद्या स्वयंपाकघरात जायला पास लागेल!"

"लागला तर देईन. पण साडेपाचनंतर."

सातव्या आठवड्यात, अकराच्या सुमाराला, बॅग लटकवलेला एक माणूस दारात आला. घाम पुसत त्याने लेकीचं नाव विचारलं.

"घरी नाही," कुलूपकाका म्हणाला.

"कुठे गेल्यात?"

"कामावर."

"म्हणजे आत्ता घरात नाहीत?"

"एकदा सांगितलं ना? घरी नाही! साडेपाचला या!"

माणसाने वहीत काहीतरी लिहिलं, आभार मानले आणि तो जिना उतरून गेला. विक्रेता असावा, असं समजून कुलूपकाका परत स्टुलावर बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक हातात फोन घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, काल कोणी आलं होतं?"

त्याने सांगितलं. ती फोन त्याच्यापुढे धरत म्हणाली, "तो कंपनीकडून बघायलाच आला होता. आता लिहून गेलाय, कर्मचारी घरी आढळली नाही. सोमवारपासून ऑफिसला या म्हणतायत."

"पण तू फोन घेत होतीस की!"

"घेत होते. पण कुठून, असं विचारतायत. बाजारात बसूनही घेता येतात म्हणे."

जन्मभर ज्या शिस्तीचा तोरा मिरवला, तिनेच लेकीच्या पायावर धोंडा पाडला होता. लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून भाकरी टाकायला गेली.

सकाळी तिला न सांगता तो निघाला. पहिल्या बसमध्ये उभ्यानेच गेला. पुलावर गुडघे बोलायला लागले. दुसऱ्या बसमध्ये बोगद्याच्या आधी खिशातला फोन काढून बघितला, तेव्हा सिग्नलच्या रेघा एकेक करून जात होत्या. बोगदा संपेपर्यंत त्याने फोन हातातच धरला.

ऑफिसात लेकीच्या वरिष्ठ बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आमच्या माणसाने खोटं लिहिलंय का?"

"नाही. मी सांगितलं तेच त्याने लिहिलं."

"मग तुम्ही खोटं सांगितलंत?"

"खोटंही नाही. कामावर असलेला माणूस घरी नसतो, बाई. भिंतीपलीकडे असला तरी. मी एकतीस वर्षं हेच सांगत आलो. चूक माझी, शिक्षा तिला नको."

बाईंनी त्या माणसाच्या नोंदीतली वेळ बघून त्या दिवशीचं अकराचं रेकॉर्डिंग लावलं.

"ताई, इथला दिवा गेलाय हो," एक घाबरलेला पुरुषी आवाज म्हणाला.

"दिवा गेला तरी हवा आहे, दादा. वरच्या जाळीपाशी हात धरा. लागते ना गार?"

"लागते."

तेवढ्यात मागून कोणीतरी गरजलं, "एकदा सांगितलं ना? घरी नाही! साडेपाचला या!"

बाई दचकल्या आणि मग खो खो हसत सुटल्या. रेकॉर्डिंगमधला माणूस विचारत होता, "ताई, कोण ओरडतंय?"

"आमच्याकडे पहारा कडक आहे, दादा. तुमच्या लिफ्टमध्येसुद्धा कोणी घुसायचं नाही." तोही भीत भीत हसला.

"मिळाला पुरावा," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "घरीच होती. मी परवानगी कायम करते. पण काका, दाराशी जरा हळू."

त्यांनी बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," तो म्हणाला. "पुढचं ऐकतो."

बावीस मिनिटं तो टेबलाला हात टेकून उभा राहिला. दारामागून नुसतीच गुणगुण ऐकली होती. शब्द आज पहिल्यांदा कळत होते. तो माणूस मधे रडला, तेव्हा लेकीने त्याला त्याच्या मुलांबद्दल विचारलं. तो चिडला, तेव्हा तिने ऐकून घेतलं. शेवटी दार सरकल्याचा आवाज झाला, गलका झाला, आणि त्यातूनही तो विचारत होता, "ताई, आहात का अजून?"

"आहे ना. सावकाश बाहेर पडा."

"हिच्या आईला ऐकवायला हवं होतं," कुलूपकाका म्हणाला. मग त्याने विचारलं, "हे तुम्ही ठेवून देता?"

"चांगले असतील तेवढे. नव्या मुलींना शिकवायला."

"मग हे ठेवा," तो म्हणाला. "आणि त्यांना सांगा, ही माझी लेक आहे."