उत्तरेला डोकं

“चित्रं जुळली म्हणून हरखू नकोस, रुद्राणी. आधी विचार, जनावर निजवलं कसं होतं?”

पुण्याला शिकवताना सरस्वतीबाईंनी हे इतक्यांदा बजावलेलं, की आष्टीच्या प्रयोगशाळेत दोन्ही चित्रं एकमेकांवर चपखल बसली तेव्हा रुद्राणीला आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटली.

उंदीर एकच. पुण्याहून आलेल्या एमआरआयमध्ये मेंदूची डावी बाजू दुखावलेली. औषध दिल्यावर इथल्या गॅमा कॅमेऱ्यानं टिपलं, तर डावीकडं रक्त झुळझुळ वाहतंय. गुण आला म्हणायचा! पण मग धडधाकट उजवी बाजू का अंधारली? आणि या चित्रांवर ते औषध माणसांना टोचायचं ठरणार होतं.

ती उंदीर सांभाळणाऱ्या गहिनीनाथकाकांकडं गेली.

“दक्षिनेला डोकं करून निजवला, ताई. टेबलाची उशी उत्तरेला हाय. जित्या जीवाला उत्तरेला डोकं करून कोन निजवतं?”

रुद्राणीला हसू आलं नाही. तिच्या घरीही कुणी तसं अंथरूण घालत नसे.

“मालकाला नाव सांगू नगा. हाकलून देतील.”

“न्हाई सांगणार, काका. शब्द देते.”

मालक विजयसिंह केबिनमध्ये सुपारी कातरत होते. “चित्रात डोकं खाली आलं, म्हणून संगणकावर मीच उलटवलं. त्यात काय आभाळ कोसळलं?”

“आरशातल्यासारखं उलटवलंत, साहेब. गोल फिरवायचं होतं. डाव्याचं उजवं झालं. अंधारलेली बाजू खरं तर डावीच आहे. औषधाचा काही गुण नाही.”

“वा! सकाळी दोन तास पूजेत घालवायचे आन् इथं येऊन मला अक्कल शिकवायची? आधी कपाळावरचं भस्म सरळ लावा, रुद्राणीबाई, मग माझी चित्रं सरळ करा.” दारातला कारकून फिदीफिदी हसला. विजयसिंहांनी अडकित्ता आपटला. “उंदीर उलटा निजवला कुणी? त्याला आज घरी बसवतो, मग काढा नवं चित्र. नाव न्हाई, तर हेच जाईल औषधाच्या कंपनीला. जावा, इचार करा.”

ती बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला काका पिंजऱ्यांत पाणी भरत होते. मान वर करत नव्हते. बाटली मात्र भरून वाहायला लागली होती.

आज तिचा सोमवार. उपासाच्या दिवशी खोटं तोंडातून काढायचं नाही, हा नेम. पण प्रयोग तिचा होता. निजवताना समोर उभं राहणं तिचं काम होतं, आणि ती राहिली नव्हती. यात खोटं कुठलं?

तिनं पदर खोचला, आणि चपलांचा आवाज न करता, स्वतःचं नाव सांगायला पुन्हा केबिनकडं निघाली.