गोवा, टोकियोमार्गे

जयराम घोगळे मंगळवारी सकाळी पावणेअकराला कुवेतमध्ये, अर्दियातल्या एका गोदामाच्या गच्चीवर वारले. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कंपनीच्या सिस्टिममध्ये ते अजून हजर आहेत, आणि मी पगारी क्लार्क; सिस्टिमच्या विरोधात जात नाही.

तर जयरामकाका आत्ता फहाहीलला, इंजिनिअर सलीलसाहेबांच्या फ्लॅटमध्ये स्टुलावर उभे आहेत. दातांत दोन स्क्रू, हातात एसीचं झाकण. मी जॉब कार्डावर सही घ्यायला आलोय. साहेब आत चहा करतायत, कौमुदीवहिनी पुण्याला गेल्यात, आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी आर्या सोफ्यावर पालथी पडून जपानवर शाळेचा प्रोजेक्ट करते आहे.

"जपान?" काकांनी स्क्रू खिशात टाकले. "अगो, तुझ्या पप्पांनी माका थयसून परसाद हाडल्यानी होतो. सहा वर्सां झाली." पाकिटातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी केलेला कागद. वर हळदीकुंकवाचा डाग होता. रिग्गईच्या खोलीत आम्ही सहाजण राहतो. काकांच्या लोखंडी कपाटात, कपड्यांच्या मागे, वेतोबाच्या फोटोशेजारी हा कागद असायचा. कामावर जाताना पाकिटात, आल्यावर परत देवाजवळ. सहा वर्षं रोज उदबत्ती.

आर्याने घडी उघडली. "ओ! धिस इज फ्रॉम आसाकुसा, इन टोकियो! तिथे मोठं टेंपल आहे, अंकल. यू शेक अ बॉक्स, काडी येते, त्यावर नंबर, त्या नंबरचा ड्रॉवर." मग ती वाचू लागली आणि हळू झाली. "अंकल... इट सेज बॅड फॉर्च्यून."

"काय म्हणता ती?"

खाली इंग्रजी छापलेलं होतं. मी आयुष्यात इन्व्हॉइस सोडून कशाचं भाषांतर केलेलं नाही, त्याच आवाजात केलं. "मागणं मान्य होणार नाही. आजारी माणूस बरा होणं कठीण. हरवलेलं सापडणार नाही. वाट बघताय तो येणार नाही. घर बांधू नये. प्रवास टाळावा." मग मी म्हटलं, "काका, हे आपल्या कॉन्ट्रॅक्टसारखंच आहे."



"पण वाईट आलं तर तिथेच तारेला बांधून यायचं असतं," आर्या म्हणाली. "देन इट स्टेज देअर. घरी नाही आणायचं. बाबा, तू हे का आणलंस?"

सलीलसाहेब ट्रे घेऊन दारात उभे होते. "अगं, मला काय माहीत! सुवनीर म्हणून आणलं. मग ममाने वाचलं, म्हणाली, हे घरात नको..." एवढं बोलल्यावर त्यांना कळलं की ते बोलले आहेत. "म्हणजे घोगळे, आम्ही असलं काही मानत नाही हो."

"मानणत नाय तर घरात ठेवूचो होतो," काका शांतपणे म्हणाले. मग स्टुलावर चढले, झाकण बसवलं, चारही स्क्रू नीट पिळले. "कूलिंग चेक करा, सायबानू."

चहा तसाच राहिला. सही मात्र मी घेतली.

परतीच्या बसमध्ये काका बोटं मोजत होते. गावी त्यांच्या बायकोच्या, ठकूबाईकाकींच्या, किडन्या पाच वर्षांपूर्वी गेल्या. आठवड्यातून दोनदा कणकवलीला डायलिसिस. गावच्या घराचं जोतं झालं आणि काम थांबलं ते त्याच साली.

"काका, किडन्या शुगरने गेल्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

"शुगर आधी बी होती. कागद इल्यावर किडनी गेली." तारीख खरंच जुळत होती. "आमच्याकडे देवाक कौल लावतत. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाय. डावो कौल इलो म्हणून कोण घराक घेऊन जाता? थयच उभा ऱ्हवान गाऱ्हाणा घालूचा, परत इचारूचा. आणि मी तेका सा वर्सां उदबत्ती दाखवतंय, सुशांता. बायलेच्या मरणाक उदबत्ती!"

त्यानंतर तो कागद कपाटातून बाहेर आला. देवाजवळ ठेवता येईना, टाकता येईना. शेवटी शर्टाच्या खिशात राहिला. सलीलसाहेबांचा मला मेसेज आला: घोगळेंना सांग, जाळून टाका, सायन्सच्या दृष्टीने काही होत नाही. मी वाचून दाखवला.

"देवाचो कागद जाळतत? ह्यांका इंजिनेर कोणी केल्यान?"

काकांची दोन महिन्यांची रजा साठली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही रफीककडे गेलो. रफीक कोचीनचा, आमची रजा, तिकिटं आणि एक्झिट परमिट त्याच्या कम्प्युटरमध्ये राहतात.

"डेस्टिनेशन?"

"टोकियो," मी म्हटलं.

"भाई, ड्रॉपडाउन में गोवा है, मुंबई है, कोचीन है. टोकियो नहीं है."

"डाल दो ना."

"मैं कौन होता हूँ डालनेवाला? मैं खुद बारह साल से ड्रॉपडाउन में हूँ." मग त्याने काकांकडे बघून आवाज उतरवला. "चाचा, रीज़न क्या लिखूँ? कागज़ बाँधना है?"

"हाँ," काका म्हणाले. "वहीं का है. वापस देने का है."

रफीकने खरंच तसं लिहिलं. तीन दिवसांनी अर्ज परत आला. कारणाच्या रकान्यात शेरा होता: कागदपत्रं कुरियरने पाठवावीत.

काका म्हणाले, कुरियरने देवाकडे काय जाता? खरं तर मी त्या देवळाला ईमेलही केली होती. उत्तर आलं, अत्यंत नम्र, पूर्ण जपानीत. मोबाईलने भाषांतर केलं त्यात एवढंच कळलं की देऊळ वर्षभर उघडं असतं.

मग आम्ही शुक्रवारी मोबाईलवर आसाकुसाला जायला लागलो. कोणीतरी कॅमेरा घेऊन चालतो, तोंडाने एक शब्द बोलत नाही, असे तास-तासाचे व्हिडिओ असतात. काकांना ते फार आवडले. मोठा लाल कंदील, त्याच्याखालून आत. दोन्ही बाजूंना दुकानांची रांग, पंखे, बाहुल्या, गरम बिस्किटं. पुढे दुसरा दरवाजा, मग मोठ्या हंड्यातला धूर, लोक तो हाताने ओढून अंगावर घेतात. हंड्याच्या आधी खणांची लाकडी कपाटं आणि शेजारी तारा. तारांवर पांढऱ्या कागदांची गर्दी.

"बघ, किती जणांका डावो कौल," काका म्हणायचे. त्यांना बरं वाटायचं.

दरवाजा आला की काका बाजेवर बसल्या बसल्या चपला काढून बाजूला लावून ठेवायचे. व्हिडिओतले सगळे लोक बूट घालून सरळ आत जात होते. मी दाखवलं.

"तेंचो देव तेंका ओळखता. माका नवीन आसा."

चार आठवड्यांत त्यांना रस्ता पाठ झाला. डोळे मिटून सांगायचे, आता पंखेवालो, आता बाहुल्येवाली म्हातारी. एकदा काकींशी बोलताना मी ऐकलं: "होय गो, जातंय. रजा मंजूर झाली. बांधतंय आणि थयसून सरळ तुझ्याकडे." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

आता पहिल्या वाक्याकडे यावंच लागतं.

उन्हाळ्यात अकरा वाजता उघड्यावरचं काम बंद होतं. साडेदहाला काकांचा कॉम्प्रेसर बदलून झाला आणि ते युनिटच्या वीतभर सावलीत टेकले. काम बंद व्हायला अजून अर्धा तास होता म्हणून मोबाईल काढला असणार. सव्वाअकराला वर गेलेल्या माणसाला ते भिंतीला टेकलेले दिसले. व्हिडिओ चालूच होता. सेफ्टी शूज काढून शेजारी नीट जोडीने लावून ठेवले होते. मोजे आत.

अपघाताचा अहवाल दुपारपर्यंत तयार झाला. त्यात उन्हाचा उल्लेख नाही. "कर्मचाऱ्याने कामाच्या ठिकाणी सुरक्षा पादत्राणे काढलेली आढळली. निष्काळजीपणा कर्मचाऱ्याचा." टाइप मीच केला. स्टोअरमध्ये टायपिंग माझंच चांगलं आहे.

घरी कळवायचं काम रफीकने माझ्याकडे दिलं, कारण भाषा. मी तिसऱ्या रिंगला बंद करणार होतो, तेवढ्यात काकींनी उचलला.

"सुशांत मा तू? ह्यांचो फोन लागना नाय. इमानात आसत?"

"काकी..."

"कागद बांधल्यानी काय?"

जोडे लावून ठेवलेल्या माणसाला मी मधूनच परत कसा बोलावणार?

"बांधला," मी म्हटलं.

"घट?"

"घट्ट, काकी."

"मगे बरा झाला." मग त्या म्हणाल्या, "खरा सांगतंय, आज दुपारपासून माका जरा बराच वाटता हा. सव्वाएकाक उठान भायर बसलंय."

मी मनात कुवेतची वेळ आणि तिकडची वेळ जुळवू लागलो आणि मध्येच थांबलो. मग म्हटलं, काकी, पुतण्या आहे का जवळ, दत्तप्रसाद? त्याला द्या जरा. त्याला मी सगळं सांगितलं. तो नुसता "हां, हां" म्हणत राहिला, आणि मागून काकी कोणाला तरी सांगत होत्या की बांधलो, कागद बांधलो.

संध्याकाळी सामानाची यादी केली. पाकीट एक, मोबाईल एक, वेतोबाचा फोटो एक, सेफ्टी शूज जोडी एक, कंपनीकडे परत. कागद यादीत घातला नाही. तो काकींच्या घरी जाता कामा नये. सध्या माझ्या खिशात आहे, आणि कालपासून मला दाढ दुखते, पण तारीख मी जुळवत नाही.

रफीकने फाईल बंद करायला घेतली. सिस्टिमने विचारलं, अंतिम ठिकाण? ड्रॉपडाउन तोच. रफीकने माऊसवरून हात काढला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. फाईल बंद झाली नाही, म्हणून काका अजून हजर आहेत. मी सोबतचा अर्ज जोडला आहे.

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

विषय: श्री. जयराम घोगळे, एसी मेकॅनिक, यांच्या अंतिम प्रवासाचा मार्ग बदलून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर कर्मचाऱ्याचे पार्थिव कुवेत–गोवा असे थेट न पाठवता कुवेत–टोकियो–गोवा असे पाठवण्यात यावे. टोकियो येथे चार तासांचा थांबा पुरेसा आहे. सोबत माणूस देण्याची आवश्यकता नाही; लाल कंदिलापासून तारांपर्यंतचा रस्ता कर्मचाऱ्यास पाठ आहे. सोबत कागद एक, कर्मचाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवण्यात येईल. तसेच देवळाच्या दारात कर्मचाऱ्याने पादत्राणे काढल्यास त्याची नोंद निष्काळजीपणा म्हणून करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.