धामणीचं बिऱ्हाड

नागपंचमीला माहेरी लोणंदला गेलेल्या चंद्राबाईनं मातीच्या नागाला लाह्या वाहिल्या, भक्तिभावानं हात जोडले आणि भावाच्या तोंडून नवऱ्याला निरोप धाडला : परसातली धामण जाईल तवाच मी नांदायला येईन.

तिचा नवरा हवालदार लालासाहेब पलटणीतून पेन्शनीवर आष्ट्याला आला आणि त्यानं उसाऐवजी बाग लावली. फवारणी नाही, पावडर नाही. पाखरांसाठी करवंदीचं कुंपण, न्हाणीचं सांडपाणी केळी-अळूतून खाली तळ्यात. तळ्यावर बेडकं आली, बेडकांवर धामण आली. सगळं ठरल्याप्रमाणं झालं. फक्त बायको गेली. त्यानं थापलेली भाकरी आता पाखरंसुद्धा खाईनात.

शेजारचा धोंडीबा म्हणाला, "पावडर टाक गड्या. धामण मरंल, बेडकं मरतील, जमलं तर तू बी."

मारणं लालासाहेबाला जमेना. त्यानं पलटणीतल्यासारखी शत्रूची रसद तोडली, म्हणजे तळं बुजवलं. मग 'ये' म्हणून लोणंदला सांगावा धाडला. बेडकं ओल शोधत न्हाणीत शिरली. रसदीमागं धामणही घरात आली आणि चुलीपाशी वेटोळं घालून बसली.

त्याच दिवशी चंद्राबाई ट्रंक घेऊन एसटीतून उतरली.

"गेली का?"

"परसातनं गेली."

"मग कुठं हाय?"

"चुलीपाशी."

चंद्राबाई रस्त्याकडंलाच ट्रंकेवर बसली. "माघारी लोणंदची गाडी येस्तवर थांबते. तवर काय करायचं ते करा."

लालासाहेबानं कुदळ घेतली. बुजवलेलं तळं भर उन्हात पुन्हा उकरलं, धापा टाकत बादल्या ओतल्या, आणि दारात गुडघे टेकून चुलीकडं हात जोडले.

"बाईसाहेब, चुकलं माझं. तळं हाय तसं केलंय. पाया पडतो, भाईर या."

"आवं, तिला बाईसाहेब?" चंद्राबाई रस्त्यावरून ओरडली. "मला जलमात म्हणाला न्हाईत!"

"तुलाबी म्हणतो! दोघींनाबी म्हणतो!" त्याचा आवाज फाटला. "पर जाऊ नगं गं."

धामणीनं वेटोळं जरा सैल केलं आणि तिथंच आरामात पसरली.

गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढताय का?" चंद्राबाईनं चिखलानं माखलेल्या नवऱ्याकडं बघितलं. लालासाहेबाला घटकाभर वाटलं, ती थांबेल. मग तिनं ट्रंक उचलली आणि गाडीत चढली.

गाडीचा धुरळा बसला. न्हाणीतलं एक बेडूक उंबऱ्यावर आलं, त्यानं तळ्याकडं बघितलं, आणि परत घरात गेलं.