काचेवरचं कुंकू

मित्रांनो, मी सातपूरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप आहे. किल्लीने फिरवायचं साधं कुलूप नव्हे हं, माणसाचं बोट ओळखून उघडणारं. वयाने मी काही फार जुना नाही. पण गेल्या दसऱ्याला असा धसका घेतला की एका सकाळीत म्हातारा झालो. 

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणी माझ्या पोटात तारा जोडल्या, कोणी पोलादी दांडे बसवले आणि शेवटी एका मुलीने माझ्या कपाळावर काळी चकचकीत काच चिकटवली. ती काच म्हणजे माझा डोळा. घरच्या माणसाचं बोट तिच्यावर टेकलं की मी ओळखतो आणि दांडे मागे घेतो. एवढंच माझं काम.

मला हौसेने घरी आणलं ते सोमनाथने. तो जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. त्याची बायको उज्वला, अडीच वर्षांची वेदिका आणि निफाडकडच्या खेड्यातून राहायला आलेली आई आक्काबाई, असं हे घर. सुरुवातीला माझं कौतुक काय सांगू! शेजारीपाजारी मला बघायला यायचे. "चोराचा बाप आला तरी हे दार हलायचं नाही," असं सोमनाथ म्हणायचा आणि मी आपला फुगून जायचो.

नव्याचे नऊ दिवस! पुढे माझ्या बॅटऱ्या उतरायला लागल्या. दार उघडताना मी केविलवाणा चिवचिवायचो. "रविवारी बदलू," सोमनाथ म्हणायचा. रविवार आले नि गेले. अडीनडीला लागणारी माझी किल्ली कुठे ठेवली होती म्हणाल, तर आतल्या कपाटात, पाटल्यांच्या डबीशेजारी. आता बोला! बाहेर अडकलेल्याची किल्ली घराच्या आत.

दसरा उजाडला. सोमनाथ मशीनच्या पूजेसाठी वर्कशॉपला गेला. घरी उज्वलाने स्कूटर पुजली, मिक्सर पुजला आणि ती माझ्याकडे वळली. आक्काबाई विधवा, ती कुंकवाच्या ताटाला हात लावत नसे, लांबूनच सांगायची. "रातंदिस राखण करतंय बिचारं. त्याला बी लाव. कपाळाला लाव, चांगलं भरून."

उज्वलाने ओलं हळदकुंकू माझ्या काचेवर भरून लावलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे नीट पाहिलं होतं. पण डोळ्यापुढे सगळं लाल झालं आणि मला काही म्हणता काही दिसेना.

मग दोघी तोरण बांधायला दाराबाहेर आल्या. आत गॅसवर दूध होतं आणि वेदिका झेंडूच्या पाकळ्या कुस्करत बसली होती. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं. दार लागलं की माझे दांडे आपोआप बाहेर येतात. मी तरी काय करणार, माझी घडणच तशी.

"अगं बाई, माझं दूध!" उज्वलाने बोट टेकवलं. मला दिसलं नाही. तिने पुन्हा टेकवलं, पुन्हा, पुन्हा. बोट टेकल्याचं मला कळत होतं, पण ते कोणाचं आहे हे कळत नव्हतं. चुकीची बोटं फार झाली की चोराला दमवायला मी काही वेळ गप्प बसतो, तशी मला शिकवण आहे. मी गप्प बसलो. बाई, उघडतो गं, असं ओरडावंसं वाटत होतं.

फोन आत. बोटाऐवजी दाबून उघडायचे आकडे सोमनाथलाच ठाऊक. आरडाओरडा ऐकून समोरचे शेखरभाऊ धावत आले. त्यांनी सोमनाथला फोन लावला; तो उचलेना. त्यांनी दाराला खांदा दिला, पण माझे दांडे हलले नाहीत. ज्या मजबुतीवर मी फुगायचो तिचीच मला भीती वाटली. आत दूध उतू गेल्याचा चर्र आवाज झाला. मग वेदिका खोकायला लागली.

"वहिनी, गॅसचा वास येतोय!" शेखरभाऊ म्हणाले. त्यांनी माझ्या अंगावर छापलेला कुलपाच्या कंपनीचा नंबर लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "काचेवर काही लागलंय का? कोरड्या कापडाने पुसा, थोडं थांबा आणि मग बोट ठेवा."

उज्वलाने पदर पुढे केला.

"थांब!" आक्काबाई किंचाळली. "सणाच्या दिशी सवाशिणीनं कुंकू नाय पुसायचं!"

उज्वलाचा हात तिथेच थिजला. आत लेक आणि तिकडे मशिनींमध्ये नवरा, तोही फोन उचलत नव्हता. वेदिका "आई, आई" करत दार बडवत होती. खोकला वाढत होता. माझ्या बॅटरीत धुगधुगी तेवढी उरली होती.

मग आक्काबाईने सुनेला बाजूला केलं. "तू नको. मी पुसते. माझं पुसून लय वर्सं झाली. जे काय व्हायचं ते माझ्या माथी." तिने पदराने माझी काच घासली. तोंडाने एकच चाललं होतं, "माझ्या सोमनाथला सांभाळ रे देवा."

उजेड आला! उज्वलाने बोट ठेवलं. मी ओळखलं. उरलीसुरली ताकद लावून दांडे ओढले आणि दार उघडलं.

"बटणाला हात लावू नको! खिडक्या उघड!" आक्काबाई ओरडली. उज्वलाने गॅस बंद केला आणि खिडक्या उघडल्या. शेखरभाऊंनी वेदिकाला उचलून जिन्यात आणलं. पोर खोकून खोकून लाल झाली होती, पण रडत होती, जिवंत होती. तरी आक्काबाई काही हलेना. माझ्याकडेच बघत उभी होती.

शेखरभाऊंचा फोन वाजला. "काय झालं, भाऊ? इथं ढोल चालू होते, ऐकूच आलं नाही." सोमनाथचा आवाज ऐकला आणि आक्काबाई उंबऱ्यावरच बसली. मग जी रडली, काही विचारू नका.

संध्याकाळी सोमनाथने बॅटऱ्या बदलल्या आणि माझी किल्ली शेखरभाऊंकडे ठेवायला दिली. उज्वलाने कुंकवाचं ताट आणलं आणि सासूपुढे धरलं. "आई, आता तुम्ही लावा. काचेला नको, खाली लाकडाला."

"माझ्या हातानं?"

"तुमच्याच."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुजलं नाहीत तरी चालेल. आम्ही चिवचिवलो तर ऐका, आमचा डोळा कोरडा ठेवा आणि किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे द्या. आम्हाला ओरडता येत नाही हो.

आता रोज सकाळी आक्काबाई पदराने माझी काच पुसते आणि कोणी ऐकत नाही असं बघून विचारते, "दिसतंय ना रे बाबा?"