क्लॅरीचा हात

आमच्या पक्षाच्या घटनेत एक कलम आहे. वार्षिक सभेत किमान बारा सभासदांनी हात वर करून शाखा चालू ठेवायचा ठराव करायला हवा. नाही केला तर शाखा बंद आणि हॉल मेलबर्नच्या मुख्य कार्यालयाच्या ताब्यात. माझ्या आईच्या काळात हे कलम वाचलं की लोक हसायचे, कारण तेव्हा सभेला दीडशे माणसं असायची आणि उशिरा येणारे खिडकीबाहेर उभे राहायचे. यंदा मी बोटांवर मोजलं. दोन्ही हातांची बोटं संपली आणि वर दोघंच उरले.

मी एनिड पासको, वॉरंबील शाखेची चिटणीस. एकोणतीस वर्षं झाली. माझ्याआधी आई होती, आणि इतिवृत्ताची वही तिच्याकडून माझ्याकडे आली. मला मूलबाळ नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी हॉलचं कुलूप उघडायचं, पाणी उकळत ठेवायचं, खुर्च्या मांडायच्या, एवढ्या एकाच कामासाठी कुणीतरी माझी वाट बघायचं. पाश्चात्त्य संस्कृतीचं काय व्हायचं ते होवो, मला माझा शनिवार हवा होता. अर्थात हे मी तिथे कुणासमोर बोलले नसते.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही निवडणूक हरलो होतो. सत्तर वर्षं ही जागा आमची होती. आमच्याकडून गाढव उभं केलं तरी निवडून येईल असं लोक म्हणायचे, आणि दोन-तीनदा आम्ही तेही करून पाहिलं होतं. यंदा अपक्ष उभी राहिलेली गुरांची डॉक्टरीण निवडून आली. अर्ध्या जिल्ह्यातल्या गायींची बाळंतपणं तिनेच केलेली, तिला मत देऊ नका असं सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

त्यामुळे सभेला आलेले लोक मयताला आल्यासारखे आले. दोन वाजेपर्यंत दहा झाले. मग दारात चाकं वाजली आणि क्लॅरी व्हीटली आला. मारिव्हिक त्याची खुर्ची ढकलत होती. क्लॅरी त्र्याण्णव वर्षांचा. ज्यांनी स्वतःच्या हातांनी हा हॉल बांधला त्यांतला उरलेला एकटाच. अंगात कोट, गळ्यात पक्षाचा निळा टाय, एका कानात यंत्र, तेही मनात आलं तर चालणारं. मारिव्हिक मूळची फिलिपिन्सची, वृद्धाश्रमात त्याचं सगळं तीच करते. दोन वर्षांपूर्वी क्लॅरीनेच तिला आग्रह करून सभासद करून घेतलं. आम्हा बाराजणांत दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी ती एकटीच आहे, हे आपलं जाता जाता सांगते.

"एनिडताई, चारला यांना परत न्यायचंय हं," ती म्हणाली. "चार म्हणजे चार. यांची औषधं असतात आणि माझी ड्यूटी सुरू होते."

"अगं, साडेतीनला सगळं आटपेल," मी म्हटलं.

रिवाजाप्रमाणे आधी इंग्लंडच्या राजाच्या नावाने चहाचा कप उंचावला. निम्मे लोक वारलेल्या राणीच्याच नावाने प्यायले. भिंतीवर फोटोही राणीचाच आहे. राजाचा आलेला फोटो पियानोमागे पुठ्ठ्याच्या नळीत पडून आहे, कारण राणीला खाली उतरवायचा धीर कुणालाच होत नाही.

मी कार्यक्रमपत्रिकेत शाखेचा ठराव पहिला टाकला होता. आमच्या अध्यक्षाने, रॉस ट्रेगिअरने, चष्मा वर करून तो वाचला. रॉस आयुष्यभर लोकरीचा व्यापारी. माणूस सरळ, पण अंगात अध्यक्षपद फार.

"हे काय, एनिड? शाखा चालू ठेवणं पहिलं? ते आपलं घरगुती काम. आधी मोठा विषय घेऊ."

"रॉस, क्लॅरीला चारला जायचंय."

"आत्ता दोन वाजून दहा मिनिटं झालीत. इथे संस्कृती बुडायला निघालीय आणि तू घड्याळ काय बघतेस!"

मोठा विषय म्हणजे त्याचा ठराव. पाश्चात्त्य संस्कृतीचा ऱ्हास होत आहे, तो विद्यापीठांनी, टीव्हीने आणि शहरी लोकांनी घडवून आणला आहे, याबद्दल ही शाखा तीव्र चिंता व्यक्त करते, आणि हे पक्षाच्या परिषदेला कळवते. रॉस त्यावर अर्धा तास बोलला. रोमपासून सुरुवात केली. पण आमच्या गावच्या चर्चपाशी आला तेव्हा त्याचा आवाज चिरकला. ते चर्च विकलं गेलं, आता तिथे एकजण मातीची भांडी करतो, आणि वेदी होती तिथे त्याची भट्टी आहे. रॉसच्या बायकोची शवपेटी त्याच जागी ठेवली होती. लोक रॉसची टिंगल करतात, पण तेव्हा मला नाही हसू आलं. काहीतरी खरंच गेलं होतं, आणि ते मागायचं कुणाकडे हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग डेस पर्टिल उठला. पूर्वी गावातला पब त्याचा होता. आता पबही नाही.

"अध्यक्ष महोदय, एक दुरुस्ती. 'शहरी लोकांनी' याच्यापुढे 'आणि आपण स्वतः' एवढे तीन शब्द घाला."

"कशाला?"

"बँक गेली ती कुणाच्या राज्यात? आपल्या. रेल्वे कुणी बंद केली? आपण. वर त्या मंत्र्याला याच हॉलमध्ये केक खाऊ घातला. फुटबॉलचा क्लब शेजारच्या गावच्या क्लबात विलीन केला, तेव्हा हात कुणी वर केले होते? विद्यापीठातल्या प्रोफेसरांनी?"

"डेस, प्रश्न मूल्यांचा आहे. बँकेचा नाही."

"मग मूल्यं राहतात कुठे? हवेत? माणसं राहतील तिथेच राहणार ना ती? गावात पोरंच उरली नाहीत तर मूल्यं शिकवणार कुणाला, झाडावरच्या काकाकुव्यांना?"

दोघंतिघं हसले. डेसला तेवढं पुरतं.

"आणि अध्यक्ष महोदय, मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाच्या या बाजूला आपण आपली पत्रकं वाटत होतात. त्या बाजूला आपली कन्या त्या डॉक्टरणीची वाटत होती. अकरा वाजता तिच्याच थर्मासमधला चहा प्यायलात. मी चुकत असेन तर सांगा."

रॉसचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या जेनला मध्ये आणू नकोस!"

"मी कुठे आणली? ती आपली आपण आली, चहासुद्धा घेऊन."

झालं, शब्दाने शब्द वाढला. आमच्याकडे नियम असा की दुरुस्ती मांडली गेली की तिचा निकाल लागेपर्यंत दुसरं कामकाज नाही, आणि ज्याला बोलायचं असेल त्या प्रत्येकाला बोलू द्यायचं. आईने हे नियम सुंदर अक्षरात लिहून चौकटीत लावलेत, राणीच्या अगदी खाली. सातजणांना बोलायचं होतं. एकाने शाळेतल्या मुलांना गुणाकार येत नाहीत म्हणून सांगितलं. दुसऱ्याने घटस्फोटांचा विषय काढला. तिसऱ्याला वाटत होतं की खरी सुरुवात दुकानं रविवारी उघडायला लागली तेव्हा झाली, आणि डेसने विचारलं, मग तू रविवारी दूध कुठून आणतोस? सगळे 'अध्यक्ष महोदय' म्हणून सुरुवात करत होते आणि मग एकमेकांचे वाभाडे काढत होते. घड्याळाचा काटा साडेतीनच्या पुढे गेला. मी पेन हातात धरून बसले होते. कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. आम्ही ज्याला संस्कृती म्हणत होतो त्यातलं तेवढं माझ्या अंगात पक्कं मुरलेलं होतं.

पावणेचारला क्लॅरीने हात वर केला. कोपर अगदी सरळ.

"क्लॅरी, बोलायचंय का तुला दुरुस्तीवर?" रॉसने विचारलं. क्लॅरीला ऐकू गेलं नाही. त्याने हात तसाच धरून ठेवला.

"बाथरूमला जायचं असेल," मारिव्हिक पुटपुटली. तिने त्याचा हात हळूच खाली घेतला आणि खुर्ची मागच्या बाजूला नेली. पाच मिनिटांनी ती दोघं परत आली, तर त्याने पुन्हा हात वर केला. या खेपेला सगळे हसले. मीसुद्धा.

चारला पाच कमी असताना मारिव्हिक उठली. तेव्हा कुठे मी उभी राहिले.

"अध्यक्ष महोदय, शाखेचा ठराव आत्ता घेऊन टाकू. दोन मिनिटांचं काम आहे."

"दुरुस्ती निकाली निघाल्याशिवाय नाही घेता येत, एनिड," रॉस म्हणाला. "तुझ्याच आईची पाटी आहे ती."

आणि मी खाली बसले. नियम बरोबरच होता. मारिव्हिकने माझ्याकडे बघत आणखी चार मिनिटं वाट पाहिली. मग चाकं उंबऱ्यावरून गेली. डेसचं उत्तराचं भाषण चालू होतं, कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

साडेचारच्या सुमाराला तडजोड झाली. डेसने आपले तीन शब्द मागे घेतले, रॉसने 'शहरी लोकांनी' काढलं. ठराव एकमताने मंजूर. टाळ्यासुद्धा वाजल्या, आणि रॉस निवडणुकीनंतर पहिल्यांदा हसला.

"चला, आता ते घरगुती काम. शाखा चालू ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

मी मोजलं. दहा. माझा धरून दहा. पुन्हा मोजलं. रॉस माझ्याकडे बघत होता, मग त्याने दाराकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हा त्याला कळलं.

मी वृद्धाश्रमात फोन केला. मारिव्हिकची ड्यूटी सुरू झाली होती, तिला सोडता येणार नव्हतं. क्लॅरीला गोळ्या देऊन झोपवलं होतं, आता उठवता येणार नाही म्हणाले. त्याच दिवसाची सभा त्याच दिवशी संपवायची, हेही कलमात आहे.

रॉस खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आला.

"बारा लिही," रॉस हळू आवाजात म्हणाला. "दोन वाजता बारा होतेच की. यात खोटं काय आहे?"

मी डेसकडे पाहिलं. रॉस पूर्व म्हणाला तर पश्चिम म्हणणारा माणूस. तो बुटांकडे बघत होता.

"लिही गं, एनिड," तो म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

दिवसभरात त्या दोघांचं पहिल्यांदाच बिनदुरुस्तीचं एकमत झालं होतं.

मी काही सत्याची पुतळी नाही. शाखा जगावी असं त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. पण त्या वहीत आईच्या अक्षरात एकशे अठ्ठेचाळीस होते, एकशे बारा होते, माझ्या अक्षरात साठ, एकतीस, एकोणीस होते. ओहोटी लागलेली स्पष्ट दिसत होती, पण त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. आमच्याकडे खरं म्हणून दाखवण्यासारखं तेवढंच उरलं होतं. मी 'दहा' लिहिलं. लिहिताना मला रॉसचा राग आला, डेसचा आला, आईच्या पाटीचा आला, आणि चार वाजता खाली बसणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त.

"तू शाखा मारलीस," रॉस म्हणाला.

"मी फक्त मोजलं, रॉस."

डेसने टेबलावरचा ठरावाचा कागद उचलला. "मग याचं काय?"

"बंद शाखेला परिषदेत ठराव पाठवता येत नाही," मी सांगितलं.

त्याने तो कागद नीट घडी करून परत टेबलावर ठेवला. सँडविचला कुणी हात लावला नाही. एकेक जण मान खाली घालून निघून गेला. रॉस राणीच्या फोटोखाली थोडा वेळ उभा राहिला आणि मग टोपी शोधायला लागला, जी त्याच्या हातातच होती.

मी कप धूत होते तेव्हा फोन वाजला. मारिव्हिक होती.

"एनिडताई, हे झोपतच नाहीत. सारखं विचारतायत, माझा हात मोजला का म्हणून. दोनदा वर केला होता म्हणतात, शाखेसाठी."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. चार वाजेपर्यंत शाखेला मत देणारा तो एकटा होता, आणि आम्ही हसलो होतो.

"मोजला म्हणावं," मी म्हटलं.

पलीकडे तिचं त्याच्या कानाशी मोठ्याने बोलणं ऐकू आलं, आणि मग त्याचं काहीतरी पुटपुटणं.

"पुढची सभा कधी विचारतायत. कोट धोब्याकडे टाकायचाय म्हणे."

"दुसऱ्या शनिवारी," मी म्हटलं. "नेहमीसारखीच."

मग मी दिवे घालवले, कुलूप लावलं, आणि किल्ली कुणाकडे द्यायची ते कळेना म्हणून पिशवीत टाकली.