विचारून घेणारा

उपाशीपोटी रक्त द्यायला शांताक्का जळकोटहून पहिल्या एसटीनं उमरग्याच्या लॅबमध्ये आली. शिवप्रियानं तिच्या दंडाला पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली आणि रोजच्या सवयीनं म्हणाली, "जरा टोचंल हं, अक्का. घेऊ का?"

शांताक्कानं मान वर केली. ती काही परकी नव्हती. येत्या सोमवारी ज्या राजशेखरशी शिवप्रियाची सुपारी फुटायची, त्याची ती सख्खी आत्या.

"काय म्हणलीस? पुन्यांदा म्हण."

"घेऊ का, म्हणले."

"म्हंजे त्ये लिहिणारी तूच व्हय? अगं बया!"

शिवप्रियाचा हात थबकला. मोबाइलवर ती टोपणनावानं गोष्ट लिहायची. त्यातला रणधीर व्हॅम्पायर होता. चंद्रासारखा देखणा, दोनशे वर्षांचा तहानलेला. दर भागात तो गौरीच्या मनगटाशी झुकायचा आणि दात टेकवण्याआधी शिवप्रियाचंच रोजचं वाक्य म्हणायचा, 'जरा टोचंल हं. घेऊ का?' गौरी 'नको' म्हणाली की कोरड्या गळ्यानं माघारी फिरायचा.

शांताक्का रक्त देऊन हसतहसत समोर इडली खायला गेली. दोन तासांनी जेवणानंतरचं रक्त द्यायला आली, तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"माझ्या तोंडाला कुलूप न्हाय बघ. खुशीखुशीत भावाला फोन केला, आपली सून लेखिका हाय म्हणून. गुरुलिंग लई भडकला. 'आपल्या घरात अंडं येत न्हाय, अन् ही रगत पिणाऱ्याचे गोडवे गाती?' समदं काढून टाक म्हणतो. मगच सुपारी."

"आणि राजशेखर?"

"त्यो बापापुढं काय बोलतोय?"

शिवप्रियाला बघायला आले तेव्हा सगळे पगार विचारत होते. राजशेखरनं एवढंच विचारलं होतं, दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील न्हाय? त्या एका वाक्यावर ती महिनाभर तरंगत होती.

तिनं रक्त घेतलं, शिरेवर कापूस दाबून धरला.

"अक्का, तुमी किती भाग वाचलेत?"

"छत्तीस."

"मी लिहिलेतच छत्तीस."

शांताक्का लाजली. साठीची बाई, पण गालावर सोळाव्याचं ऊन आलं. "त्यो इचारतो गं. एवढा ताकदीचा, एवढा भुकेला, तरी इचारतो. माझं लगीन होऊन चाळीस वर्सं झाली. च्या घेणार का, असंसुद्धा मला कुणी इचारलं न्हाय." ती जवळ सरकली. "असं कर. आत्ता काढून टाक. लगीन झाल्यावर दुसऱ्या नावानं गुपचूप लिही. म्या बी गुपचूप वाचतेच की."

मार्ग सोपा होता. राजशेखरही हातचा जाणार नव्हता.

"न्हाय अक्का. म्या चोरून लिहिलं, तर माझा रणधीर बी चोरासारखाच येईल. लावा फोन काकांना."

"मोडंल गं समदं!"

"लावा."

शांताक्कानं फोन लावून दिला.

"काका, मी शिवप्रिया. गोष्ट मी काढणार नाही. शेवटपर्यंत लिहिणार आहे, आणि आता माझ्या नावानं लिहिणार आहे. हे चालत असंल तर सोमवारी या, पुरणपोळी करू. चालत नसंल तर आजच सांगा. आणि राजशेखरना म्हणावं, त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."

"तुझ्या बापाशी बोलतो," एवढं म्हणून काकांनी फोन बंद केला.

"आता गं?" शांताक्कानं विचारलं.

"आता त्यांचा फोन जायच्या आधी मला जायला पाहिजे."

नळीवर नाव लिहून तिनं ती मशीनजवळ ठेवली, हातमोजे उतरवले, सोबतच्या मुलीला अर्धा तास लॅब बघायला सांगितलं. बाहेर हैदराबादकडं जाणारे ट्रक धूळ उडवत होते. ओढणी डोक्यावरून घेऊन ती धान्याच्या मोंढ्यातल्या बापाच्या दुकानाकडं निघाली.

वाटेत कुठंच तिनं वेग कमी केला नाही.