ओल्या फडक्यातला वाडगा

मी एक जुना वाडगा आहे, पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचा. मित्रांनो, ज्या हाताने मला घडवलं, तो माझ्यातून अजून पुरता निघालेला नाही.

दोघी बहिणींची ती कार्यशाळा. ताई चाकावर बसायची, धाकटी भांड्यांना झिलई द्यायची. मी चाकावर उभा राहिलो त्याच सकाळी ताईच्या छातीत कळ आली. उठताना आधाराला म्हणून तिने माझी ओली कड धरली. तिथे अंगठ्याचा खळगा पडला. चाकावरून उठलेली ताई त्या दिवशीच गेली.

धाकटीला तो खळगा बघवेना. तिने ओल्या बोटांनी तो आतून दाबून कड पुन्हा गोल केली आणि मला भिजल्या फडक्यात गुंडाळलं. कुणीतरी परत येऊन पुरं करणार असलं की भांडं असंच ओलं ठेवतात. रोज प्रार्थना आटोपली की ती फडकं भिजवायची. ताईच्या बोटांचे वळसे माझ्या पोटात होते. त्यांत ती आपली बोटं घालून बघायची. बोटं मावायची, पण वळसे भरायचे नाहीत.

महिने गेले. मला कुबट वास येऊ लागला, बूड खचू लागलं. एकदा भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, आले. फडकं उचलून म्हणाले, "मी रोज तिचा चष्मा पुसतो, तू हे भिजवतेस. दोघंही तिच्या नोकरीतच आहोत अजून."

धाकटी हसली आणि तिने फडकं पुन्हा माझ्यावर ओढलं. "भट्टीत तडकला तर, भावोजी? तिच्या हातचं हे शेवटचं."

"आणि असाच ठेवलास तर चिखल होईल गं त्याचा."

त्या दिवसापासून तिने फडकं भिजवलं नाही. मी हळूहळू वाळलो, मग भट्टीत गेलो.

आमची माती काही विसरत नाही. कच्चेपणी दाबून सरळ केलेली जागा कडक आचेत पुन्हा आपल्या जुन्या वळणावर जाते. धाकटीला हे ठाऊक होतं, दुःखात ध्यानातून गेलं. भट्टी निवल्यावर तिने दार उघडलं. मी अखंड होतो, पण कड आत दबलेली होती, अंगठ्याएवढी.

ती माझ्याकडे वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, अजून दुखतंय का गं?"

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या हातची वस्तू जपा, पण तिला ओल्यात कोंडून ठेवू नका. आणि कधी मला उचलाल तर खालून, दोन्ही हातांनी उचला. कडेची ती जागा कुणीतरी धरलेली आहे.